व्यालेल्या गाईची गव्हाण

(जव्हार तालुक्यातील दाभोसा येथे वसुबारसेच्या दिवशी झालेल्या गोपालकांच्या मेळाव्यात एका पशुवैद्याने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



आज वसुबारस. शहरातून आलेल्या मंडळींनी सकाळी सवत्स धेनूची पूजा केली असेल. आपल्या पाड्यांवर मात्र हाच दिवस वाघबारस म्हणून पाळला जातो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर बांधव आज वाघदेवाला नारळ वाढवतात आणि मागणे मागतात की, आमच्या गुराढोरांना वर्षभर सांभाळ. एकाच तिथीची ही दोन रूपे मला फार अर्थपूर्ण वाटतात. एकीकडे गाईविषयी कृतज्ञता आहे, तर दुसरीकडे तिच्यावर येणाऱ्या संकटाची जाणीव आहे. आज मी आपल्याशी त्या संकटाविषयीच बोलणार आहे. मात्र हे संकट रानातून येत नाही. ते गाईच्या रक्तात उद्भवते, आणि तेही नेमके तिला वासरू झाल्यानंतरच्या आनंदाच्या दिवसांत.

आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण तिच्यात चूक माझी आहे. काही वर्षांपूर्वी येथून जवळच्याच एका पाड्यावर एका कुटुंबाकडे संकरित गाय आली. गाय देखणी होती, तिसऱ्या वेताची होती आणि नववा महिना लागला होता. मी तपासायला गेलो. घरातल्या माउलीने विचारले, "डॉक्टर, हिला काय घालू?" मी घाईत होतो. पुढच्या पाड्यावर जायचे होते. मी म्हटले, "कॅल्शियमची बाटली आणा आणि रोज पाजत राहा." तिने मजुरीच्या पैशांतून बाटल्या आणल्या आणि महिनाभर नेमाने पाजल्या. गाय व्याली, कालवड झाली, घरात गूळ वाटला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाय बसली ती उठेना. मान वळवून कुशीला लावलेली, कान गार, डोळे निस्तेज. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे. कोणीतरी तरतरी यावी म्हणून तोंड वर करून गुळाचे पाणी ओतले. मला निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. शिरेतून औषध दिल्यावर गाय उठली. सर्वांना वाटले, संकट टळले. परंतु गिळण्याची शक्ती नसताना ओतलेले पाणी फुप्फुसात गेले होते. चौथ्या दिवशी ती गेली.

त्या माउलीने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते सगळं केलं हो." ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. तिने खरोखरच सगळे केले होते. मी सांगितलेले मात्र चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे समजून घेतले तर आपल्यापैकी कोणाच्या तरी गोठ्यातली गाय वाचेल, म्हणून हे बोलणे.

या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवे आहे, कारण यात ज्वर नसतो. उलट अंग गार पडते. सर्वसाधारण गाईच्या रक्तात कोणत्याही क्षणी अवघे तीनेक ग्रॅम कॅल्शियम असते. आता चिकाचा हिशेब पाहा. एक लिटर चिकातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. दहा लिटर चीक देणारी गाय एका दिवसात रक्तातल्या साठ्याच्या कितीतरी पट चुना वासरासाठी बाहेर टाकते. हा तोटा भरून काढायला तिच्या हाडांत मोठे भांडार आहे. पण त्या भांडाराचे कुलूप उघडायला दोन-तीन दिवस लागतात. वय वाढले की कुलूप अधिक गंजते, म्हणून तिसऱ्या वेतापासून धोका वाढतो.

मग माझे चुकले कोठे? गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तोंडावाटे भरपूर कॅल्शियम मिळत राहिले, की शरीराला हाडांतून ते काढण्याची गरजच उरत नाही. ती यंत्रणा सुस्त होते. आणि विण्याच्या दिवशी एकाएकी मोठी मागणी आली की ती जागी होईपर्यंत गाय कोसळते. म्हणजे मी ज्याला पोषण समजत होतो, त्यानेच तिची सज्जता हिरावली होती. कॅल्शियम हवेच, पण विण्याच्या दिवसापासून पुढे. त्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली बंद ठेवावी, आणि खनिज मिश्रण कोणते व किती द्यायचे हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

या आजाराचा इतिहासही उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या उत्तमोत्तम दुभत्या गाई याच आजाराने मरत. १८९७ साली डेन्मार्कमधील श्मिट नावाच्या पशुवैद्याने कासेत औषधी द्रावण भरून पाहिले आणि गाई वाचू लागल्या. पुढे नुसती हवा भरली तरी गुण येतो, असे आढळले. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कास फुगली की दुधाची निर्मिती थांबते आणि रक्तातला चुना रक्तातच राहतो, हा उलगडा पुढे झाला. १९२५च्या सुमारास ब्रिटनमधील संशोधकांनी रक्तातील कॅल्शियम घटते हे दाखवून दिले आणि शिरेतून कॅल्शियम देण्याचा उपचार रूढ झाला. आज दुग्धज्वर झालेली गाय वेळेत औषध मिळाले तर तासाभरात उठून उभी राहते. तिच्या डोळ्यांत प्राण परत येताना पाहणे हा आमच्या व्यवसायातला सर्वांत मोठा आनंद आहे. मात्र हे औषध अतिशय सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते. घाईने दिले तर हृदय बंद पडते. म्हणून ते प्रशिक्षित हातांनीच द्यावे, ही विनंती.

आता दुसऱ्या आजाराकडे वळू. दुग्धज्वर निदान दिसतो तरी. हा मात्र दिसतच नाही. याला कितनबाधा किंवा किटोसिस म्हणतात.

दुधाची गोडी ज्या साखरेमुळे असते, ती साखर कास तयार करते रक्तातल्या ग्लुकोजपासून. एक लिटर दूध होण्यासाठी सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागते. तुम्ही-आम्ही भाकरी खाल्ली की तिची साखर थेट रक्तात उतरते. गाईचे तसे नाही. तिच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. चारा आधी ते खातात, आंबवतात आणि त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांवर गाय जगते. त्यांपैकी एका आम्लापासून तिचे यकृत ग्लुकोज घडवते. म्हणजे गाईला साखर मिळत नाही, ती मेहनतीने बनवावी लागते.

विण्याच्या सुमारास तिची भूक मंदावलेली असते. दूध मात्र वाढतच जाते. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आसपास ते शिखर गाठते. भूक पूर्ण सुधारायला मात्र दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात जमा कमी आणि खर्च जास्त. ही तूट गाय स्वतःच्या अंगावरची चरबी जाळून भरते. ती चरबी यकृताकडे धावते. यकृताला ती सगळी पचवता आली नाही की काही चरबी तेथेच साठते आणि उरलेल्या भागातून कीटोन नावाची द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांनी भूक आणखी मरते, भूक मेली की चरबी आणखी जळते, असे हे दुष्टचक्र आहे.

लक्षणे ओळखायला डोळस नजर लागते. गाय आंबोण नाकारते पण पेंढा चघळते. शेण घट्ट होते. श्वासाला गोडसर वास येतो. पाठीचा कणा आणि माकडहाडे दिसू लागतात. दूध एकदम उतरते. आणि अनेक गाईंत यातले काहीच दिसत नाही, तरी आतून तूट चालूच असते. अशी गाय वेळेवर माजावर येत नाही, तिला कासेचा दाह लवकर होतो. आपण म्हणतो, गाय उलटते आहे, भरत नाही. खरे तर ती अजून मागच्या वेताचे कर्ज फेडत असते.

येथे एक प्रश्न आपल्या मनात आला असेल. आमच्या डांगी गाईला हे असले आजार कधी झाले नाहीत, मग आताच कोठून आले? प्रश्न रास्त आहे. डांगी ही या डोंगराची गाय. डांग, नाशिक, अकोले आणि आपला जव्हार-मोखाडा हा तिचा मुलूख. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून येथल्या धो धो पावसात ती तग धरते. तिचे खूर काळे आणि टणक, म्हणून चिखलात आणि कातळावर ती थकत नाही. राजूरच्या प्रदर्शनात तिचे उमदे बैल पाहायला लांबून लोक येतात. तिचे दूध वेताला सरासरी चार-पाचशे लिटर, म्हणजे थोडके. पण तिच्यापाशी एक शहाणपण आहे. चारा कमी पडला की ती दूध कमी करते. आधी स्वतःला आणि गर्भाला सांभाळते. संकरित गाईची पैदासच दुधासाठी झालेली आहे. तिला आखडते घेणे माहीत नाही. गव्हाण रिकामी असली तरी ती काही काळ दूध देतच राहते, आणि ते दूध चाऱ्याचे नसते, तिच्या हाडामांसाचे असते.

यात संकरित गाईचा दोष नाही. संकरित गाय म्हणजे अपवित्र आणि देशी गाय म्हणजे सर्वगुणसंपन्न, असल्या वादात मला शिरायचे नाही. दोष आहे तो गाय देऊन चारा न देणाऱ्या आपल्या विचारपद्धतीचा. आणि डांगी गाय आजारी पडत नाही म्हणून ती सुखी आहे, असेही समजू नका. कोरड्या दिवसांत हाडे चघळणारी, दगड चाटणारी गाय आपण पाहतो. ती स्फुरदाची भूक आहे. दोन वेतांत दोन-अडीच वर्षांचे अंतर पडते, ती उपासमारीची खूण आहे. ती तक्रार करीत नाही एवढेच.

स्वर्गीय मणिभाई देसाई यांचे स्मरण या ठिकाणी करणे उचित ठरेल. १९४६ साली ते महात्मा गांधींसमवेत उरुळीकांचनला गेले आणि तेथेच राहिले. त्यांनी गीर गाईंचा कळप जोपासला आणि १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली. याच संस्थेच्या प्रेरणेने जव्हार परिसरात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कार्यातून मला उमगलेले सूत्र असे की, गाय, माती, झाड आणि माणूस यांचा विचार एकत्रच करावा लागतो. वाडीच्या बांधावर चाऱ्याचे झाड नसेल, तर गोठ्यातली गाय टिकणार नाही.

आता आपल्या गव्हाणीत काय आहे ते पाहू. भाताचा पेंढा. त्यात प्रथिने नगण्य, कॅल्शियम व स्फुरद अल्प आणि जे कॅल्शियम आहे तेही ऑक्सलेटमुळे बांधले जाते. पावसाळ्यात रान हिरवेगार, पण कोवळ्या गवतात पाणीच जास्त. पाऊस संपला की गवत पिकून काडी होईपर्यंत आपण कापत नाही. शिवाय या भागातले चांगले वाळलेले गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाते आणि आपल्या गाईपुढे पेंढा उरतो. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. घरी म्हातारी माणसे आणि गुरे राहतात. नेमक्या त्याच महिन्यांत गाय व्याली तर तिच्याकडे पाहणार कोण?

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. त्यांना फार पैसा लागत नाही, लक्ष लागते.

पहिली गोष्ट, गाय विण्याआधी दोन महिने आटवा. गर्भाची सर्वाधिक वाढ याच काळात होते. या दिवसांत रोज दीड-दोन किलो आंबोण द्या. नागलीचा वा मक्याचा भरडा, कोंडा आणि आपल्याच शेतातल्या खुरासणीची पेंड यांपासून ते घरी होते. मात्र गाय फार लठ्ठही होऊ देऊ नका. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, ही खूण लक्षात ठेवा. लठ्ठ गाय व्याल्यावर खात नाही आणि तिलाच कितनबाधा लवकर होते.

दुसरी, व्याल्यावर तिला कोमट पाणी भरपूर पाजा. वासराला तास-दोन तासांत चीक पाजा, वार पडण्याची वाट पाहू नका. वासराला मिळणारी रोगप्रतिकारशक्ती त्या चिकातच असते. खरवसाचा विचार वासराचे पोट भरल्यानंतर. आणि पहिले दोन दिवस कास अगदी निथळून काढू नका.

तिसरी, दुधाच्या हिशेबाने आंबोण द्या. अंगपोषणाला दीड किलो आणि त्यावर प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो. ते एकदम वाढवू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. कोठीपोटातल्या जीवांना नव्या अन्नाची सवय व्हावी लागते. व्याल्यानंतर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, चांगले ३० ग्रॅम मीठ.

चौथी, पेंढ्यावर प्रक्रिया करा. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, थर दाबून प्लास्टिकने हवाबंद करावे आणि तीन आठवड्यांनी उघडून, वारा देऊन, थोडा थोडा घालावा. प्रथिने वाढतात, पचन सुधारते. पण युरिया तसाच खाऊ घातला तर ते विष आहे. म्हणून हे पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करा. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा लावा. गवत फुलोऱ्यावर असतानाच कापा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची. बसलेल्या गाईच्या तोंडात काहीही ओतू नका. गूळपाणी नको, तेल नको, काढा नको. तिला छातीवर नीट बसती करा, कडेला गवताचे भारे लावून आधार द्या आणि १९६२ या क्रमांकावर फोन करा. भगताला बोलवायचे असेल तर जरूर बोलवा, पण फोन त्याच्या आधी करा.

शहरातून आलेल्या मित्रांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' असा मान दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. आपल्याला आनंद झाला, मलाही झाला. पण मानाने गव्हाण भरत नाही. सणावारी आपण गाईला पुरणपोळी, भात, शिरा घालतो. एखादा घास ठीक. परंतु लग्नकार्यातले उरलेले अन्न पाटीभर गाईपुढे ओतले जाते, तेव्हा कोठीपोटात आम्ल साचते, रवंथ थांबते, गाय मान टाकते. पुण्य म्हणून केलेले काम तिच्या जिवावर बेतते. यापुढे नैवेद्याच्या पोळीबरोबर एक पोते पेंड द्या. ती खरी गोपूजा होईल.

१९९२ साली याच तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर गरोदर व स्तनदा मातेला पोटभर चौरस आहार मिळाला पाहिजे, हे समाजाने आणि शासनाने मान्य केले. २०१५ साली अमृत आहार योजना आली. आईचे पोट भरले तर बाळ जगते, हे आपल्याला स्त्रीच्या बाबतीत कळले. गाईला आपण माता म्हणतो, मग तिच्या बाबतीत हे कळायला उशीर का व्हावा? पाड्यावरच्या मुलाच्या वाटीत दूध यायचे असेल, तर ते गाईच्या हाडांतून नव्हे, गव्हाणीतून यायला हवे.

कार्यकर्त्यांना एकच काम सुचवतो. प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवा. कोणाची गाय गाभण आहे, ती कधी विणार, घरी पाहायला कोण आहे, एवढेच तीत लिहा. विण्याच्या तारखेआधी दोन महिने एकदा, तीन आठवडे एकदा आणि व्याल्यावर तिसऱ्या दिवशी एकदा त्या घरी जाऊन या. घरची माणसे वीटभट्टीवर गेली असतील तर शेजाऱ्याला सांगा. या तीन फेऱ्यांनी जेवढ्या गाई वाचतील, तेवढ्या माझ्या औषधांच्या पेटीने वाचणार नाहीत.

त्या माउलीच्या घरी आईविना राहिलेली ती कालवड जगली. शेजारच्या गाईच्या दुधावर वाढली, गेल्या वर्षी व्याली. त्या वेळी मी विण्याआधी तीनदा गेलो. कॅल्शियमची बाटली विण्याच्या दिवशीच उघडली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा गाय उभी होती, रवंथ करीत होती आणि वासरू कासेला ढुशा देत होते. माउली म्हणाली, "डॉक्टर, या खेपेला घाईत नव्हतात." मी मान खाली घातली.

आज वाघदेवापुढे नारळ वाढवताना माझे एवढेच मागणे आहे की, गाईकडे पाहताना मला आणि आपणा सर्वांना घाई न व्हावी.